पोटातली बुरशी, काउंटरवरची गोळी आणि एकवीस दिवसांचं ‘डिटॉक्स’

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेला महिनाभर मालवण, कुडाळ, कणकवलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ बोट रोखून सांगतात, ‘तुमच्या पोटात बुरशी वाढतेय!’ मग घरगुती तपासणी. सकाळी तोंड न धुता काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंकायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. थुंकीचे दोरे खाली लोंबले तर समजा, पोटात ‘कँडिडा’ मातलाय. थकवा, केसगळती, गॅस, चिडचिड, गुडघेदुखी, सगळ्याचं मूळ तेच. उपाय म्हणजे एकवीस दिवसांचं डिटॉक्स पॅकेज. पावडर, थेंब, कॅप्सूल आणि खाण्याची यादी. आंबोळी बंद, पाव बंद, ताक बंद, घावणे बंद. घावण्याचं पीठ आपण आंबवत नाही हेसुद्धा या गृहस्थांना ठाऊक नाही, पण ते असो.

हा व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला. त्यात दोन शिक्षक आहेत. चतुर्थीला आलेल्या एका चाकरमान्याने तर पॅकेज गावच्या आईसाठी सोबतच आणलं होतं. आईला मधुमेह, वय सत्तरीच्या पुढे, आणि हिला सांगितलं पेज बंद कर.

पहिली गोष्ट. तुमच्या पोटात बुरशी आहे? आहे. माझ्याही आहे. व्हिडिओतल्या गृहस्थांच्याही आहे.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात हे आता शाळेतली पोरंही सांगतात. त्यांच्यात थोडी वस्ती बुरशीचीही असते, बहुतेक यीस्ट प्रकारची, म्हणजे एकपेशी, गोल, कळ्या फुटून वाढणारी. संख्येने ती अगदी नगण्य, हजारात एक म्हणा किंवा त्याहूनही कमी. पण यीस्टची एक पेशी जिवाणूच्या तुलनेत चांगलीच मोठी असते. होड्यांच्या गर्दीत एखादा ट्रॉलर उभा असावा तशी. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जात म्हणजे ‘कँडिडा अल्बिकन्स’. निरोगी माणसांची तपासणी केली तर निम्म्याच्या आसपास, काही पाहण्यांत त्याहून जास्त लोकांच्या आतड्यात ती सापडते. ही माणसं आजारी नसतात. ती आंबोळी खातात, होडीवर जातात, आंगणेवाडीच्या जत्रेत धक्के खातात आणि ठणठणीत असतात.

आणि थुंकीचे दोरे? लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं, त्यामुळे लाळ पाण्यात ताणली जाते. जगातल्या कुठल्याही माणसाने सकाळी ग्लासात थुंकलं तर हाच ‘आजार’ निघेल. जी तपासणी कोणालाच नापास केल्याशिवाय सोडत नाही, ती कोणाच्या फायद्याची असते ते मी सांगायला नको.

हे खूळ आपल्याकडचं नाही, नवंही नाही. १९८३ साली अमेरिकेत विल्यम क्रूक नावाच्या डॉक्टरांचं ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. थकव्यापासून नैराश्यापर्यंत सगळ्याचा दोष यीस्टवर. १९८६ मध्ये तिथल्याच अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर निवेदन काढून सांगितलं, की ही कल्पना तर्कावर उभी आहे, सिद्ध झालेली नाही. म्हणजे तिकडे चाळीस वर्षांपूर्वी ज्याची हजेरी घेतली गेली, तो माल आज आपल्याकडे मराठी सबटायटल लावून येतोय.

आता मात्र जरा थांबा. ‘बुरशीबिरशी सगळं झूठ’ असंही मी म्हणत नाहीये. खरी गोष्ट व्हिडिओपेक्षा जास्त रंजक आहे, आणि तीच आपल्यापासून लपवली जातेय.

कँडिडाला दोन रूपं आहेत. एक गोल, यीस्टचं. पोटात ते निवांत पडून असतं. दुसरं लांब तंतूचं, हे मुळासारखं पेशींत घुसतं. २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की तंतूच्या रूपात आल्यावरच ही बुरशी एक विष सोडते आणि आतल्या अस्तराला भोकं पाडते. त्या विषाला नाव दिलं कँडिडालायसिन. म्हणजे प्राणी तोच, वागणं दोन तऱ्हांचं. गावात अशी माणसं आपण पाहतोच. ग्रामसभेत गरीब गाय, आणि अंधार पडला की दुसऱ्याच्या कलमांच्या कुंपणाशी.

मग याला गोल रूपात ठेवतं कोण? दोघं. एक, शेजारचे जिवाणू. ते जागा अडवतात, खाणं संपवतात, आणि तंतुमय पदार्थ पचवून जी आम्लं तयार करतात ती बुरशीला तंतू फुटू देत नाहीत. दुसरी, आपली रोगप्रतिकारशक्ती. बुरशीच्या पेशीभोवती जी भिंत असते ती आपल्या पेशींना नसते. त्या भिंतीतली ग्लुकन नावाची साखर ओळखायला आपल्या पांढऱ्या पेशींवर खास कुलूप असतं, त्याला डेक्टिन-१ म्हणतात. किल्ली बसली की आत निरोप जातो, मदतीला इतर पेशी येतात. २०१२ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, की हे कुलूपच नसेल तर पोटातली साधी, रोजची बुरशी आतड्याच्या सुजेला वाईट वळण लावते.

सगळ्यात मला आवडलेली गोष्ट २०२१ ची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की आतड्यात पाझरणारी आपली आयजीए प्रतिपिंडं कँडिडाच्या तंतूरूपाला नेमकी पकडतात आणि गोल रूपाला सोडून देतात. म्हणजे शरीर बुरशीला हाकलत नाही, तिला शिस्तीत ठेवतं. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, आणखी एक प्रयोग झाला होता. प्रतिजैविकांनी जिवाणू साफ केलेल्या उंदरांच्या पोटात नुसती कँडिडा किंवा पाव फुगवणारं यीस्ट सोडलं, तर जिवाणूंमुळे मिळणारं बरंचसं संरक्षण परत मिळालं. अगदी फ्लूच्या विषाणूविरुद्धसुद्धा. ज्याला ‘डिटॉक्स’ करून काढायचं म्हणतात, तो प्राणी आपल्या फौजेचा सराव करून घेणाऱ्यांपैकी आहे. हे उंदरांवरचं आहे, माणसाला जसंच्या तसं लावू नये. पण दिशा कळते.

विरुद्ध बाजूचंही सांगतो, नाहीतर मीही त्या व्हिडिओवाल्यासारखाच. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या दीर्घ सुजेच्या आजारात अनेक रुग्णांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, हे डॉक्टरांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. काही माणसांत बुरशी आणि सूज यांचं नातं खरंच बिघडलेलं असतं. क्वचित कोणाच्या आतड्यातलं यीस्ट साखरेपासून दारूसुद्धा बनवतं. २०२४ मध्ये बेल्जियमच्या न्यायालयाने दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपातून एकाला सोडलं, कारण त्याचं पोटच भट्टी निघालं. (माडीच्या गुत्त्यावरून परतणाऱ्या आमच्या मित्रांनी हे कारण हवालदाराला सांगायला जाऊ नये. त्याच्यासाठी तीन डॉक्टरांची तपासणी झाली होती.) पण हे आजार डॉक्टर शोधतात, तपासण्या करून. पेल्यात थुंकून ते कळत नाहीत.

तर मुद्दा असा, की बुरशी पोटात असणं हा प्रश्नच नाही. तिच्यावरचे दोन्ही पहारे उठले की प्रश्न सुरू होतो. आणि ते पहारे आंबोळीने उठत नाहीत.

आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं त्यात मोठा वाटा लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचा, यीस्ट सोबतीला. आणि सकाळी ते बिड्याच्या तव्यावर पडलं की सगळेच मेले. पावाचं यीस्ट भट्टीतच मरतं. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या पोदेर माडीवर पाव फुगवत आले, सान्ना अजूनही काही घरांत माडीवर होतात. माडाला मडकं बांधलं की सकाळची गोड नीरा दिवस चढेपर्यंत आंबायला लागते, ती हवेतल्या आणि मडक्यातल्याच यीस्टमुळे. या किनाऱ्यावरचा माणूस यीस्टच्या शेजारातच वाढलाय. भंडारी समाजाच्या कित्येक पिढ्यांचं पोट या एका जिवावर चाललं.

पहारे उठवतं कोण ते आता सांगतो. यावर मला शिव्या पडणार आहेत, पडू देत.

मागच्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्याच एका मेडिकलमध्ये गेलो. दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण एकाचं लिहिलं की बाकीचे सुटतात. माझ्यापुढे एक खलाशी होता. ‘पोटात कळ मारता, जुलाब होतत, कायतरी गोळये दी. सकाळी होडयेर जावचा आसा.’ ताप आहे का, रक्त पडतं का, किती वेळा झालं, काही विचारलं नाही. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या. वर ‘पोट बिघडू नये म्हणून’ यीस्टची एक पुडी. मीठसाखरेची, ओआरएसची पुडी मात्र दिली नाही. साध्या जुलाबावर जे सगळ्यात आधी हवं, तेच राहिलं.

त्या खलाशाला मी दोष देत नाही. डॉक्टरकडे गेला तर दिवस जातो, फी जाते, होडी त्याच्यासाठी थांबत नाही. पण साध्या जुलाबांत बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते. ती गोळी पोटातल्या जिवाणूंची कत्तल करते. बुरशीचं ती काही वाकडं करू शकत नाही, कारण बुरशीची पेशी रचनेने जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची. बंदरातल्या सगळ्या होड्या एका रात्रीत हलवल्या तर मोकळ्या धक्क्यावर कोण नांगर टाकणार? जो उरला तो.

आणि ती यीस्टची पुडी! तिची कथा ऐका. १९२० च्या दशकात आन्री बुलार्द नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होता. कॉलऱ्याची साथ चालली होती. लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिणारे काही लोक सावरताहेत असं त्याला दिसलं. त्या फळांवरून त्याने एक यीस्ट वेगळं केलं, तेच आजचं ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’. प्रतिजैविकाने होणारे जुलाब त्याने कमी होतात असं चाचण्यांत दिसलंय, त्याबद्दल वाद नाही. पण बघा ना, तोच व्हिडिओ पाहणारा माणूस म्हणतो यीस्ट वाईट, म्हणून आंबोळी सोडतो, आणि त्याच संध्याकाळी मेडिकलमधून यीस्ट विकत आणून पितो. एका चिठ्ठीवर तर मी बुरशीनाशक गोळी आणि ही पुडी सोबत लिहिलेली पाहिली आहे. एकाने मारायचं, दुसऱ्याने पेरायचं. बिल दोघांचं. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना ही पुडी देऊ नये, कारण त्यांच्या रक्तात हेच यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. काउंटरवर हे कोणी सांगतं का?

दुसरा पहारा प्रतिकारशक्तीचा. तो उठवण्यात आपण २०२१ साली पदवी घेतली आहे. ब्लॅक फंगस आठवतो ना? तो यीस्ट नव्हे, वेगळी, तंतूवाली बुरशी, पोटातली नव्हे, हवेतली. पण गणित तेच होतं. बेसुमार स्टेरॉइड, वर भडकलेली साखर. महाराष्ट्रात हजारो लोकांना तो झाला. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. ती बुरशी त्या वर्षी नव्याने आकाशातून पडली नव्हती. रोज श्वासातून आत जातच होती.

आजही सांधेदुखीवर ‘गावठी पावडर’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड कालवलेलं सापडल्याच्या बातम्या आपण छापतो आणि विसरतो. दम्याचा पंप ओढून चूळ न भरल्यामुळे तोंडात पांढरा थर आलेली म्हातारी माणसं कुठल्याही वाडीत सापडतील. नुसती चूळ भरायची असते, एवढंही त्यांना सांगितलेलं नसतं. बायकांच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं आणि खाज, हा तर बोलायचाच विषय नाही आपल्याकडे. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो असं पुस्तकं सांगतात. एकदा झाला तर उपचाराने जातो. पुन:पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायला हवी. पण बाई लाजते, मुलगी पाठवून क्रीम आणवते, आणि मधुमेह दोन वर्षं उशिरा सापडतो. त्या बाईला हा व्हिडिओ सांगतो, ताक सोड.

आणि खरा आजार झाला तर औषधं नाहीत असं नाही. एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक औषध काढलं, हॅमायसिन. त्या जिवाणूचं शास्त्रीय नावच पिंपरीवरून ठेवलं. कँडिडामुळे तोंडात येणाऱ्या थरावर ते वापरलं गेलं. तो कारखाना गेली कित्येक वर्षं आजारी उद्योगांच्या यादीत झुरतोय. ज्या राज्याने बुरशीवर औषध शोधलं, त्या राज्यात आज बुरशीच्या नावाने पावडर विकली जाते.

बुरशीनाशकं मोजकीच आहेत, आणि त्यांनाही न जुमानणाऱ्या बुरशा वाढताहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशांची यादी काढली. एकोणीस नावं, त्यातली चार सर्वांत गंभीर गटात, आणि त्या चारांत आपली पोटातली कँडिडा अल्बिकन्स आहे. तिचीच चुलतबहीण कँडिडा ऑरिस पण आहे. ती २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडली, २०१३ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी भारतातले रुग्ण नोंदवले, आणि २०२१ मध्ये दिल्लीच्याच संशोधकांना ती अंदमानच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि खाऱ्या दलदलीत मिळाली. ही इस्पितळातली बुरशी आहे. घरी बसून आंबोळी खाणाऱ्याला तिचं भय नाही. ज्याला दहा प्रकारची प्रतिजैविकं देऊन झालीत, नळ्या लागल्यात, त्याला आहे. तो माणूस उद्या आपल्यापैकी कोणीही असू शकतो, बांबोळीच्या वाटेवरच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये.

म्हणून माझं भांडण नुसतं व्हिडिओवाल्याशी नाही. तो भीती विकतो. पण भीती खरी ठरवण्याचं काम काउंटरवर होतं. आणि कधीकधी काउंटर एकच असतो. डाव्या हाताला चिठ्ठीविना प्रतिजैविक, उजव्या हाताला त्याने बिघडलेल्या पोटासाठी डिटॉक्सचा डबा.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झीम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं त्यात येतात. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि वही तीन वर्षं जपायची. ऑफ्लॉक्सासिन त्या यादीत नाही, पण साध्या शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी तिलाही लागतेच. तुमच्या घरातली स्ट्रिप काढून बघा, मागे लाल उभी रेघ दिसेल. तिचा अर्थ, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मला सांगा, ही रेघ आजवर कोणी तुम्हाला दाखवली?

‘असं काही करता येत नाही, लोक ऐकत नाहीत,’ असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथेही समुद्र, माड, माडी, मासेमारी. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या औषध नियंत्रण खात्याने ‘ऑपरेशन अमृत’ सुरू केलं. साध्या वेषात जाऊन चिठ्ठीविना प्रतिजैविक मागायचं, दिलं की कारवाई. प्रतिजैविकांची विक्री घटली असं तिथलं सरकार सांगतं. दुकानं बंद पडली नाहीत, लोकही मेले नाहीत.

मेडिकलवाल्या मित्रांचा फोन येणार हे मला माहीत आहे. ‘आम्ही नाही दिलं तर शेजारचा देतो.’ खरं आहे. म्हणूनच तपासणी सगळ्यांची एकदम व्हायला हवी, एकट्याने प्रामाणिक राहून तुम्ही मरू नये. डॉक्टर मंडळींचाही येईल, ‘पेशंटच मागतो.’ पेशंट मागतो म्हणून तुम्ही सलाइनही लावता, ते एकदा वेगळ्या पोस्टमध्ये.

ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याचं आपण सगळ्यांनी स्वागत केलं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मायक्रोबायोलॉजी विभाग आलाच. मग तोंडातला थर, पुन:पुन्हा होणारा पांढरा स्राव, बरी न होणारी जखम, यांच्या नमुन्याची बुरशीसाठी तपासणी ग्रामीण रुग्णालयातून ओरोसला पाठवण्याची सोय लोकांना माहीत व्हायला हवी. मालवण, आचरा, कट्टा, देवगडच्या माणसाला ती कुठे, कोणत्या दिवशी, किती पैशांत मिळते, हे एका फलकावर लिहायला किती खर्च येतो?

मी येत्या सोमवारी अन्न व औषध प्रशासनाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तीन प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत सिंधुदुर्गातल्या किती दुकानांच्या एच-१ नोंदवह्या तपासल्या? चिठ्ठीविना प्रतिजैविक विकल्याबद्दल किती परवान्यांवर कारवाई झाली? ‘डिटॉक्स’च्या नावाने आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या किती जाहिरातींवर नोटीस गेली? अर्जाची प्रत कमेंटमध्ये टाकीन. तुमच्या तालुक्यातूनही कोणी टाकणार असेल तर मजकूर उचला, माझं नाव नको.

उत्तर आलं की जसंच्या तसं इथेच टाकतो. तीस दिवसांत नाही आलं तर तेही टाकतो.

आणि त्या चाकरमान्याच्या आईला काल भेटलो. पॅकेज फडताळात आहे, पेज चालू आहे. साखर तपासायला बुधवारी जाणार म्हणाली.